टॅनयार्डची शिरगणती

पिकेट्स बेंड, अलाबामा
९ ऑगस्ट २०१६

ओडेसा,

आधी चांगली बातमी सांगते, म्हणजे निदान तेवढं तरी वाचशील. मग हवं तर फाडून टाक.

कॅलीचा सुळा पडला. परवा रविवारी माझ्याकडे मक्याचं कणीस खात होती. दुसरं पोर असतं तर रडलं असतं. आमच्या बाईसाहेबांनी कणीस माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "आजी, बघ, मक्याला दात आलाय!" मी इतकी हसले की मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. रँडलची बायको म्हणाली, शी, टाकून द्या ते कणीस. मी बरी टाकीन! दात धुऊन डबीत ठेवलाय आणि कणीस मी खाल्लं. नऊ वर्षांची झाली गं. मला वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि मी मधेच डुलकी काढली तर पहिल्यापासून सुरू करते, शिक्षा म्हणून.

आता दुसरं. गेल्या महिन्यात टेरेल माझं केकचं भांडं परत देऊन गेला. पायरीवर ठेवलं, घंटी वाजवली नाही. मी खिडकीतून पाठमोरा पाहिला, चाल अगदी त्याच्या आजोबाची, तुझ्या नवऱ्याची. भांडं स्वच्छ घासलेलं होतं, बुडाला चिकटवलेली माझ्या नावाची पट्टी खरवडून काढलेली, आणि आत काही नव्हतं. आपल्याकडे कुणी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही. दोन टोमॅटो ठेवतात, मूठभर शेंगा ठेवतात. मी वास घेऊन पाहिला. साबणाचा आला. हे टेरेलचं डोकं नव्हे. पुरुषांना असलं सुचत नाही. तू क्लीव्हलंडहून फोनवर सांगितलं असणार. तर ते मला पोचलं, ओडेसा.

म्हणून लिहायला बसले. वेळ लागतो मला, तुला ठाऊकच आहे. सहावीनंतर मी शाळा पाहिली ती थेट पोरांना वाढायलाच. सव्वीस वर्षं आपण दोघी त्या शाळेच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभ्या राहिलो, तुझे पाव आणि माझं बाकीचं सगळं, आणि तेव्हा कधी एकमेकींना चार ओळी लिहायची वेळ आली नाही. लेकीचं कसं आहे? ते रक्त धुवायचं मशीन आठवड्यातून तीनदाच ना अजून?

तुला टेरेलनं त्याच्या बाजूनं सांगितलं असेल. मी माझ्या बाजूनं सांगते.

तू लेकीकडे गेलीस त्याच हिवाळ्यात इथं स्वतंत्र शाळांचं खूळ शिरलं. जिल्ह्याच्या शाळांमधून बाहेर पडायचं, गावाचं स्वतःचं शाळामंडळ काढायचं. अंगणाअंगणांत पाट्या: आमची मुलं, आमच्या शाळा, आमचा कारभार. रँडल नगरपालिकेत निवडून आलेला, शिवाय दाताच्या डॉक्टरची बायको लिनेट गॉफ त्याच्या मागे लागलेली, तेव्हा हा पुढारी. एके दिवशी माझ्याकडे आला, तोंड हे एवढंसं.

"आई, कायद्यानं गावात पाच हजार माणसं लागतात. आपली चार हजार सातशे एकोणीस आहेत."

मी म्हटलं, "मग पोरांची लग्नं लावा पटापट."

"आई, मस्करी नाही. सरकारी फेरमोजणी मे महिन्यात आहे."

"मग आणणार कुठून माणसं?"

त्यानं खिडकीबाहेर रेल्वेच्या रुळांकडे पाहिलं. रुळांपलीकडे काय आहे? तुमचं टॅनयार्ड.

आता तूच बघ. कातडी कमावायचा तो कारखाना आपण परकरात होतो तेव्हा बंद पडला. पण अजूनही आमच्याकडची गोरी माणसं रूळ ओलांडताना गाडीच्या काचा वर करतात. वास कसला येतो म्हणे? साठ वर्षांपूर्वीचा? सत्तर वर्षं टॅनयार्डनं हद्दीत घ्या म्हणून अर्ज केले आणि सत्तर वर्षं गावानं सांगितलं, बघू. पाऊस झाला की तुमच्या अंगणात संडासाचं पाणी वर यायचं, आणि पोरं त्यातून उड्या मारत शाळेच्या बसकडे यायची. मी त्यांच्या बुटांवरून ओळखायची, काल रात्री पाऊस झाला म्हणून. किळस यायची. पोरांची नाही गं, आमची.

तर आता अचानक हद्दवाढ. सांडपाण्याची नळी घालू, रस्त्यावर दिवे लावू, आणि तुमची पोरं आमच्या पोरांबरोबर नव्या शाळेत.

खोटं कशाला बोलू, मी खूश होते. मला वाटलं, झालं एकदाचं. कॅली आणि टेरेलची जनेआ एका बाकावर बसणार, आणि दोघी चालत घरी येणार, कडेला मी पाव घेऊन उभी. म्हातारीची स्वप्नं काय, पावाएवढी.

हात दुखला. उरलेलं मागाहून लिहीन.

व्हर्लीन


३० ऑगस्ट

ओडेसा,

शाळा सुरू झाली. नव्या मंडळाची पहिली. बँड वाजला, फुगे सोडले, लिनेट गॉफनं फीत कापली आणि फोटोसाठी पुन्हा एकदा कापली. कॅली घरी आली ती गप्प. ही पोरगी गप्प म्हणजे ताप तरी असणार म्हणून मी कपाळाला हात लावला. म्हणाली, "आजी, बसमध्ये मी जनेआसाठी दप्तर ठेवून जागा धरली होती. कुणी आलंच नाही."

मी सांगितलं, जनेआची शाळा आता जिल्ह्याची, हुलेटला आहे.

"का?"

"टॅनयार्ड आता गावात नाही म्हणून."

"पण मागच्या वर्षी होतं ना? बाबा म्हणाला होता, आता ते आपलेच."

मी म्हटलं, "हात धू."

एकोणीस मैल, ओडेसा. तुझी पणती सकाळी सहाच्या बसनं एकोणीस मैल जाते, आणि आमच्या नव्या शाळेत चौथीच्या वर्गात सहा बाकं रिकामी आहेत. मी मोजली, झेंडावंदनाला गेले होते तेव्हा.

सह्यांचं सांगते. हद्दवाढ करायची तर तिथल्या घरवाल्यांनी घरातली डोकी लिहून अर्जावर सही करायला हवी होती. आता टॅनयार्डमध्ये लिनेट गॉफला कोण दार उघडणार? ती गाडीतून उतरलीसुद्धा नसती. रँडल म्हणाला, आई, तुला उघडतील. आणि उघडलं. गेल्या वर्षी मार्चपासून मी रोज दोन घरं केली. पाउंड केक कापून नेत होते, एका घराला अर्धा.

सगळी माझीच पोरं गं ती. आता टकलं पडलीत, पोटं सुटलीत, पण मला माणूस ताटावरून आठवतो. दार उघडलं की मी म्हणायची, हा बघा, घेवड्याच्या शेंगा चोरून खिडकीबाहेर टाकणारा! तो म्हणायचा, "मिस व्हर्लीन, तीस वर्षं झाली, आता तरी माफ करा." एक जण तर बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं ये, यांनी मला वाढवलंय, आणि एकदा भेंडी खायला लावलीय, तो गुन्हा मी विसरलेलो नाही." मग आत बोलवायचे. मग केक. मग कागद. कुणी वाचायचासुद्धा नाही. "तुम्ही आणलाय ना, मग झालं."

तुम्ही आणलाय ना. सत्तरच्या वर घरांनी मला हे म्हटलंय, ओडेसा. मोठी गंमत वाटायची मला. घरी येऊन रँडलला सांगायची, बघ, तुझ्या आईला केवढा मान आहे.

मेमध्ये मोजणी झाली, आकडा लागला. पाच हजार आणि वर पाच. ऑक्टोबरमध्ये मंडळ स्थापन झालं. आणि या जूनमध्ये नगरपालिकेनं टॅनयार्ड हद्दीतून पुन्हा वगळलं. कारण काय, तर नळीचा खर्च परवडत नाही. गावाचा वकील सांगतो, मंडळ एकदा झालं की झालं, मागून माणसं कमी झाली तरी चालतं.

मी गेले होते त्या सभेला. पहिल्या रांगेत. आधी पाद्र्यानं प्रार्थना केली, देवा आम्हांला शहाणपण दे. मग टेरेल उभा राहिला. त्याला बोलायला दोन मिनिटं. तो म्हणाला, "आम्ही एकच विचारतो, ज्यांना मोजलं त्यांची पोरं कुठे बसणार?" तेवढ्यात घंटी वाजली. खरोखरची घंटी गं, टेबलावरची, दुकानात असते तशी, आणि ती वाजवली माझ्या मुलानं. मग हात वर, हात खाली, संपलं. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर लिंबाचं सरबत ठेवलं होतं. मी ग्लास तोंडाला लावला आणि झुडपात ओतला.

सह्या सगळ्या होऊन गेल्यावर मग मला हे कळलं, ओडेसा. एवढं ध्यानात ठेव.

व्हर्लीन


१४ नोव्हेंबर

ओडेसा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी कॅलीला तुझ्याबद्दल सांगत असते. तिला सांगितलं, एकदा मुख्याध्यापक आपल्या स्वयंपाकघरात आला आणि पाव लहान का म्हणाला, तेव्हा तू त्याच्या हातात कणकेचा गोळा दिलास आणि म्हणालीस, घ्या, तुम्ही मोठा करा. कॅली ते नाटक करून दाखवते आता. मुख्याध्यापकही तीच, तूही तीच. तुझा आवाज तर असा काढते की मी चपापते.

टेरेल आणि आणखी नऊ घरांनी मोठ्या न्यायालयात दावा लावलाय हे तुला ठाऊकच असेल. त्यांचं म्हणणं, गावानं पहिल्यापासूनच ठरवलं होतं, मोजायला आत घ्यायचं आणि मोजून झालं की बाहेर काढायचं. गावाचं म्हणणं, छे छे, नळीचा खर्च मागाहून कळला. सगळा तंटा एवढ्यावरच आलाय, की आधी ठरलं होतं की नंतर. आधीचं ठरलं तर तुमची पोरं परत येतात. नंतरचं ठरलं तर एकोणीस मैल कायमचे.

आणि गावाच्या बाजूची साक्षीदार कोण? मी.

रँडल गेल्या मंगळवारी आला. बरोबर वकील, पोरगेलासा, टाय मात्र फार छान. माझ्याच टेबलाशी बसून मला शिकवायला लागले.

"मिसेस टिडमोर, तुम्ही फक्त सांगायचं की लोकांनी आनंदानं सह्या केल्या."

"केल्याच आनंदानं."

"वा! अगदी असंच."

रँडल म्हणाला, "आई, तू केकचं सांग. लोकांना केकचं आवडतं."

"आणि जूनचं विचारलं तर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वकील म्हणाला, "तुम्ही काही नगरपालिकेत नाही. तुम्हांला त्यातलं काय कळणार? आजीबाई आहात तुम्ही."

रँडल हसला. मी पोटच्या पोराकडे पाहिलं, ओडेसा. एक्कावन्न वर्षांचा घोडा. मी त्याला म्हटलं, "तू सहा वर्षांचा होतास तेव्हा असाच बसला होतास, याच खुर्चीत, नवा गणवेश घालून."

"कुठला गणवेश?"

"अकॅडमीचा."

तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस त्याबद्दल. सरकारनं सांगितलं की आता गोऱ्या आणि काळ्या पोरांची शाळा एक, आणि सहा महिन्यांत इथल्या लोकांनी चर्चमागच्या गुदामात फक्त गोऱ्यांची अकॅडमी काढली. मी दुसऱ्यांच्या पोरांना वाढायला तुझ्या शेजारी उभी राहिले, आणि माझा पोरगा ताटात काय घेतो ते मी बारा वर्षं पाहिलं नाही, कारण तो त्या गुदामात डबा खात होता. तू रोज सकाळी विचारायचीस, रँडल कसा आहे? रोज. मला वाटायचं, किती मायाळू बाई. काल भांडी घासताना उमगलं, तू रोज एकदा मला आठवण करून देत होतीस. खरं ना?

की माझं मन काहीतरीच वळवळ करतंय, कोण जाणे.

रँडलच्या घरच्या त्या जेवणाचंही तुला सांगायचंय. शाळा समितीला जेवण होतं, लिनेट गॉफ आणि आणखी चार. मी कोंबडीचं सॅलड करून दिलं होतं आणि गार चहाची किटली घेऊन फिरत होते. वाढणाऱ्या बाईसमोर माणसं काहीही बोलतात, आपल्या दोघींना याचा अनुभव आहे. एकानं विचारलं, "पण ती टॅनयार्डची पोरं घ्यायची म्हणजे..." लिनेटनं तोंड पुसलंसुद्धा नाही. ओठाच्या कोपऱ्यात मेयोनेजचा पांढरा ठिपका. म्हणाली, "कोण म्हणतं घ्यायची? आकडा लागू दे. मग देऊ परत जिल्ह्याच्या पदरात टाकून." सगळे हसले. आणि रँडल म्हणाला, "सत्तर वर्षं बाहेर होते. वर्षभर आत राहून आले तर तेवढाच बदल."

माझ्या हातातली किटली सांडली नाही काही. मी सगळ्यांचे पेले भरले. लिनेटनं सॅलडची कृती विचारली, ती सांगितली. सेलरी बारीक चिरायची आणि सफरचंद अगदी शेवटी घालायचं.

कधीचं हे जेवण? झाली बरीच वर्षं म्हणावं असं वाटतं, पण नाही. होतं कधीतरी.

न्यायालयात विचारलं तर हे सांगायचं की नाही, यानं माझी झोप गेलीय. सांगितलं तर रँडल मला तोंड दाखवणार नाही, आणि कॅली त्याची मुलगी आहे.

व्हर्लीन


८ जानेवारी २०१७

ओडेसा,

दोनच ओळी. नाताळला कॅलीनं मला हातानं विणलेला रुमाल दिला. चौकोनी नाही, कुठलाच आकार नाही त्याला, मी तो गळ्यात घालूनच हे लिहितेय. म्हणाली, "आजी, तू न्यायालयात जाणारेस ना, तिथं थंडी असते." कुणी सांगितलं विचारलं, तर, "बाबा म्हणाला आजी आपल्याला जिंकून देणारे."

साक्ष सहा फेब्रुवारीला. खाल्लेलं पोटात ठरत नाही. डॉक्टर म्हणतो वयाचं आहे. वयाचं कसलं डोंबलाचं! मला माझीच शिसारी आलीय, आणि ती डॉक्टरला दिसत नाही.

तू पावांसाठी यीस्ट कोमट दुधात भिजवायचीस की पाण्यात? मी काल केले, दगड झाले.

व्ह.


८ फेब्रुवारी

ओडेसा,

सांगितलं.

रविवारी ते जेवायला येणार नाहीत. रँडलच्या बायकोचा फोन आला होता, अगदी गोड आवाजात, कॅलीला आता रविवारी दुसरं काही काही असणार आहे म्हणे. किती रविवार विचारलं, तर म्हणाली, बघू. हा शब्द मी ओळखते.

आता पहिल्यापासून.

गावाच्या वकिलाचं आधी झालं. मी त्या उंच खुर्चीत बसले, गळ्यात कॅलीचा रुमाल. लोकांनी खुशीनं सह्या केल्या का? हो. कुणी दमदाटी केली? "छे हो, केक खाऊन केल्या." सगळं न्यायालय हसलं, न्यायाधीश बाईसुद्धा. रँडल पहिल्या बाकावर होता, त्यानं मला हळूच मान हलवून शाबासकी दिली. लहानपणी चर्चच्या नाटकात तो पाठ केलेलं न चुकता बोलला की मी द्यायची तशी.

मग तुमच्या बाजूची वकीलबाई उठली. मॉन्टगोमरीची आहे, बारीकशी, बुटांचा आवाज न करता चालते. टेरेल तिच्या मागे बसला होता, पांढरा सदरा, हात मांडीवर. तिनं फार काही विचारलं नाही.

"मिसेस टिडमोर, टॅनयार्डला पुन्हा वगळणार आहेत हे तुम्हांला पहिल्यांदा कधी कळलं?"

मला ठाऊक आहे, तिलाही वाटत होतं मी जून म्हणेन. सगळ्यांनाच वाटत होतं. मीच तुला तसं लिहिलंय ना, सह्या होऊन गेल्यावर कळलं म्हणून, आणि वर ध्यानात ठेव म्हणून.

मी म्हटलं, "गुरुवारी."

"कुठल्या गुरुवारी?"

"गेल्याच्या गेल्या वर्षीच्या एप्रिलमधल्या. माझ्या मुलाच्या घरी जेवण होतं. मी चहा वाढत होते."

मग मी सगळं सांगितलं. मेयोनेजसकट. लिनेट गॉफ मागच्या रांगेत होती, तिचा हात आपोआप ओठाकडे गेला, मी पाहिलं. वकीलबाईनं विचारलं, त्या गुरुवारनंतर तुम्ही आणखी सह्या घेतल्या? मी म्हटलं, एकाच घराच्या. शनिवारी. तेवढंच घर राहिलं होतं.

ते तुझं घर, ओडेसा. मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं बसून गप्पा होतील म्हणून. आणि त्या गुरुवारी जेवण आटोपल्यावर रँडल स्वयंपाकघरात आला होता. म्हणाला, "आई, आतापर्यंतच्या सह्या धरून दोन डोकी कमी पडतात. टेरेलच्या घरात सात आहेत. तू ऐकलंस ते विसर. कॅलीची शाळा तुझ्या हातात आहे."

न्यायाधीश बाई माझ्याकडे झुकल्या. माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान, पण आवाज असा की माणूस सरळ बसतो. म्हणाल्या, "बाई, नीट विचार करून सांगा. टॅनयार्डला बाहेर काढणार हे तुम्हांला पक्कं ठाऊक असतं, तर तुम्ही त्या शेवटच्या घरी गेला असता का?"

मी म्हटलं, "ठाऊक होतं, बाई. ठाऊक होतं आणि गेले."

कुणी हसलं नाही आता.

त्यांनी विचारलं, का गेलात? काय सांगू? मुलाची धमकी नव्हती, कुणी काही देणार नव्हतं. मला कॅलीसाठी जवळची शाळा हवी होती, आणि रँडलनं मला मोठं काम दिलं म्हणून मी फुलले होते. आणि मनात होतं, टेरेल काही वाचणार नाही. यापेक्षा मोठं पाप असतं तर बरं वाटलं असतं, ओडेसा. हे इतकं किरकोळ आहे की हातात धरवत नाही, बुळबुळतं.

आणि तुझ्या घरात काय झालं तेही तिथं सांगितलं, तुलाही सांगते. मी तुझ्या खुर्चीत बसले. टेरेलनं कागद हातात धरला आणि विचारलं, "मिस व्हर्लीन, यात काही मेख तर नाही ना?" सगळ्या टॅनयार्डमध्ये हे विचारणारा तो एकटा निघाला, तुझा नातू शोभतो. मी म्हटलं, "आधी केक खा बाबा, गार होईल."

पाउंड केक कधी गार होतो का गं? आदल्या दिवशीचा होता तो.

त्यानं खाल्ला, आणि सही केली.

निकाल राखून ठेवलाय. वकीलबाई बाहेर येऊन माझा हात हातात घेणार होती, मग तिनं घेतला नाही, नुसती म्हणाली, तुमच्यामुळे पोरं परत येतील असं दिसतंय. गावाच्या वकिलाचा टाय सैल झाला होता, तो कागद गोळा करत होता आणि कागद त्याच्या हातून पडत होते.

मी पायऱ्या उतरून खाली आले तर रँडलची गाडी नव्हती. ज्या जागी लावली होती तिथं तेलाचा डाग. नव्वद मैल आहे घर, आणि माझ्या पाकिटात खोकल्याच्या गोळ्या. अर्धा तास कठड्यावर बसले. मग टेरेलचा ट्रक आला आणि थांबला. काच खाली.

"बसा."

मी म्हटलं, "नको, रँडल येईल."

"रँडल यायचा नाही. बसा. तुमच्यासाठी नाही करत मी. आजीला कळलं ना की म्हातारीला रस्त्यावर टाकून आलो, तर क्लीव्हलंडहून येऊन कानफटात ठेवून देईल."

बसले. सत्तर मैल झाले. एके ठिकाणी पेट्रोलला थांबला, माझ्यासाठी कॉफी आणली, ती दोघांच्या मधे ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मी मागे वळून पाहिलं तर मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची, तिच्यात बिस्किटाचा चुरा, आणि एक एवढुस्सा लाल मोजा. तेव्हा मला आठवलं, सात डोक्यांतलं सातवं डोकं पाळण्यात होतं. जनेआची बहीण. त्या शनिवारी आठ दिवसांची होती. मी तिला मांडीवरसुद्धा घेतलं होतं, आणि नंतर एकदाही तिची चौकशी केली नाही.

मी विचारलं, "धाकटी चालते का आता?"

"पळते."

"नाव काय ठेवलंत रे तिचं?"

त्यानं ट्रकचे दिवे लावले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. आमचं गाव आलं, रूळ आले, त्यानं ट्रक माझ्या फाटकाशी थांबवला, खाली उतरला, माझ्या बाजूला येऊन दार उघडलं आणि मला हात देऊन उतरवलं. मग म्हणाला,

"त्या दिवशी तिचं नाव ठरलं नव्हतं. मी तुम्हांला विचारलं, कागदावर काय लिहू? तुम्ही म्हणालात, नाव राहू दे, तान्ही मुलगी लिही, मोजायला तेवढं पुरतं. आठवतं?"

मी म्हटलं, "आठवतं."

"मग तुम्हांला तेवढंच पुरे, मिस व्हर्लीन," म्हणाला, आणि फाटक माझ्यामागे लावून गेला.

व्हर्लीन